तान्ह्या मुलाच्या अन्नाचीं भांडीं : निवड व स्वच्छता

आमच्या मासिकांत बियाण्याची निवड, खतांचे हप्ते, जनावरांचा चारा व दुधाची प्रत यांविषयीं लेख नेहमींच येतात, आणि वाचकही ते आस्थेनें वाचतात. पेरणीपूर्वीं बियाण्याची उगवणशक्ति तपासून पाहणारा शेतकरी आतां गांवोगांव आढळतो. परंतु त्याच शेतकऱ्याच्या घरांत सहा महिन्यांचें मूल ज्या वाटींतून पहिला घास घेतें, ती वाटी कोणत्या धातूची आहे, ती कशानें घांसली जाते, कोठें वाळते, याची विचारपूस घरचा कर्ता क्वचितच करितो. हा विषय बायकांचा, असें म्हणून तो सोडून दिला जातो. आमचें म्हणणें असें कीं, भांडें विकत आणणें, कल्हईवाल्यास बोलावणें, सरपण व पाणी पुरविणें, फवारणीचीं औषधें कोठें ठेवावयाचीं हें ठरविणें, हीं कामें बहुतेक घरांत कर्त्याच्याच हातीं असतात. म्हणून या विषयाची निदान अर्धी जबाबदारी त्याची आहे. प्रस्तुत लेख त्यासाठींच लिहिला आहे.

आपल्याकडे उष्टावणाचा विधि सहाव्या महिन्याच्या सुमारास करण्याची चाल आहे, आणि ती आजच्या वैद्यकासही धरून आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा कीं, पहिले सहा महिने मुलास केवळ आईचें दूध द्यावें, पाणीसुद्धां देऊं नये. सहा महिने पूर्ण झाल्यावर घरीं शिजविलेलें मऊ अन्न सुरू करावें, आणि आईचें दूध दोन वर्षें व त्यापुढेंही चालूं ठेवावें. तांदूळ व मुगाची डाळ भाजून, भरडून केलेलें खिमट, मोड आणून वस्त्रगाळ केलेलें नाचणीचें सत्त्व, डाळभात, उकडून कुस्करलेला तांबडा भोपळा, हीं आपल्या घरचीं अन्नें विकतच्या डब्यांतील अन्नापुढें कमी प्रतीचीं मानण्याचें कारण नाहीं. मात्र आईच्या दुधास भांडें लागत नाहीं आणि या अन्नास लागतें, हा मोठा फरक सहाव्या महिन्यांत पडतो. मुलांस हगवण लागण्याचें प्रमाण सहाव्या महिन्यापासून वाढतें, त्याचें एक मुख्य कारण हाच फरक होय.

भांड्यापासून मुलास होणारा अपाय दोन प्रकारचा असतो. एक धातूचा, आणि दुसरा जंतूंचा. पहिला टाळणें हें भांड्याच्या निवडीवर अवलंबून आहे, व दुसरा टाळणें हें स्वच्छतेवर. दोहोंचा क्रमानें विचार करूं.

तांब्यापितळेचा धडा

जुन्या शेतकरी घरांत पितळेची चरवी, तांब्यापितळेचीं पातेलीं आणि मुलास दूध पाजण्याचें बोंडलें हीं वडिलोपार्जित म्हणून जपलेलीं असतात. मोठ्या माणसांच्या उपयोगांत त्यांची योग्यता काय, हा प्रश्न निराळा. तान्ह्या मुलाच्या दुधासाठीं तीं वापरूं नयेत, याविषयीं मात्र आतां शंका उरलेली नाहीं. आणि ही शंका दूर करण्याचें पुष्कळसें श्रेय आपल्या पुणें शहरास आहे.

गेल्या शतकांत आपल्या देशांत लहान मुलांच्या यकृताचा एक दुर्धर आजार आढळत असे. वैद्यकांत त्यास ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ असें नांव आहे. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलाचें पोट फुगे, यकृत वाढून कठीण होई, पुढें कावीळ होई, आणि बहुतेक मुलें कांहीं महिन्यांत दगावत. कधीं कधीं एकाच घरांतलीं दोन-दोन भावंडें याच आजारानें जात. त्यामुळें हा दोष रक्तांतलाच आहे असें पुष्कळांस वाटे. नवल असें कीं, हा आजार अगदीं दरिद्री घरांपेक्षां मध्यम स्थितीच्या ग्रामीण कुटुंबांत विशेष दिसे. म्हणजे ज्या घरीं दुभतें जनावर होतें आणि दूध तापविण्यास पितळेचें पातेलें होतें, अशा घरांत.

मृत मुलांच्या यकृतांत तांब्याचा फार मोठा सांठा असतो, हें इ. स. १९८० च्या आगेंमागें स्पष्ट झालें. हें तांबें आलें कोठून याचा शोध पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनीं इंग्लंडांतील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्या सहकार्यानें घेतला. इ. स. १९८३ मध्यें त्यांनीं असें मांडलें कीं, तांब्यापितळेच्या भांड्यांत तापविलेलें व ठेवलेलें जनावराचें दूध फार लहान वयांत पाजणें, हें या आजाराचें कारण असावें. पुढें इ. स. १९८७ मध्यें आजारी मुलांच्या व त्यांच्या बरोबरीच्या निरोगी मुलांच्या आहाराची तुलना त्यांनीं प्रसिद्ध केली. तिनेंही तेंच दाखविलें. पुणें भागांत भांडीं बदलण्याचा उपदेश घरोघर पोंचविण्यांत आला. पितळेची जागा स्टेनलेस स्टीलनें घेतली, आणि हा आजार इतका हटला कीं, आजच्या तरुण डॉक्टरांपैकीं अनेकांनीं तो केवळ पुस्तकांत वाचलेला असतो.

ही गोष्ट केवळ आपल्याच देशांतली नव्हे. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतांत इ. स. १९०० ते १९७४ या काळांत १३८ तान्हीं व लहान मुलें अशाच आजारानें मेलीं. तेथील शेतकरी घरांतून गाईचें दूध व पीठ कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत शिजवून मुलांस देण्याची चाल होती. तीं भांडीं गेलीं, आणि त्यांबरोबर तो आजारही गेला. दोन देश, दोन धर्म, दोन हवामानें. परंतु दूध, तांबें आणि तान्हें मूल हीं तीन जेथें एकत्र आलीं, तेथें परिणाम एकच झाला.

असें होण्याचें कारण समजण्यासारखें आहे. दूध तांब्यापितळेच्या भांड्यांत तापलें किंवा तासन्‌तास राहिलें म्हणजे त्यांत तांबें उतरतें, आणि दुधांतील केसीन नांवाच्या पदार्थास तें चिकटून राहतें. मोठ्या माणसाचें यकृत जास्तीचें तांबें पित्तावाटें बाहेर टाकतें. तान्ह्या मुलाच्या यकृतांत जन्मतःच तांब्याचा बराच सांठा असतो, आणि तें बाहेर टाकण्याची शक्ति अद्याप पुरती आलेली नसते. अशा दुधावर वाढलेलें प्रत्येक मूल आजारी पडे असें नाहीं. कांहीं मुलांत उपजतच अधिक नाजुकपणा असावा, असें तज्ज्ञांचें मत आहे. परंतु आपलें मूल कोणत्या प्रकारचें, हें आधीं कळण्याचा मार्ग घरांत नसतो. म्हणून नियम सर्वांस सारखाच लावावा.

येथें वाचक म्हणतील, ‘आम्ही कल्हई करून घेतों.’ कल्हई ही कथिलाची पातळ पूट होय. राखेनें वा रेतीनें रोज घांसल्यानें, आणि दूध करपल्यावर खरवडल्यानें, ती झिजते. भांड्याच्या तळाशीं लालसर किंवा पिवळी झांक दिसूं लागली म्हणजे तेवढ्या जागेपुरती कल्हई संपली असें समजावें. शिवाय कथिलांत शिशाची भेसळ होऊं शकते, आणि शिसें हें तर मुलाच्या मेंदूचें उघड विष आहे. त्याचें निर्धास्त असें कोणतेंच प्रमाण ठरलेलें नाहीं. म्हणून कल्हईच्या भरंवशावर मुलाचें दूध ठेवूं नये. पितळ चिंचेनें घांसून लखलखीत केलें कीं तें शुद्ध झालें, हाही एक गैरसमज आहे. चिंचेच्या आंबटपणानें वरची काळपट पूट जाते आणि खालचा धातु उघडा पडतो, एवढेंच. डोळ्यांस जें स्वच्छ दिसतें, तें मुलाच्या पोटास निर्धोक असतेंच असें नाहीं.

मग भांडें कोणतें घ्यावें ?

सर्वांत सोयीचें स्टेनलेस स्टीलचें. चांगल्या प्रतीच्या स्टीलमध्यें सुमारें १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असतें. तें गंजत नाहीं, दुधानें वा आंबट पदार्थानें झिजत नाहीं, आणि उकळत्या पाण्यांत कितीही वेळां घातलें तरी टिकतें. घेतांना भांड्याच्या आकाराकडे लक्ष द्यावें. तोंड रुंद असावें, आंतला कोपरा गोल असावा, कांठ दुमडलेला असल्यास त्या दुमडींत पोकळी नसावी, रिबिटा नसाव्या, आणि आंतून नक्षी किंवा कोरलेलें नांव नसावें. बोट फिरवून पाहावें. जेथें बोट पोंचत नाहीं, तेथें घासणीही पोंचणार नाहीं.

चांदीची वाटी आजोळाहून येते. तिचा मान ठेवून उष्टावणाच्या दिवशीं तींतून घांस द्यावा; परंतु रोजच्या कामास साधी स्टीलची वाटी बरी. चांदींत तांबें मिसळलेलें असतें, आणि सांध्यास डाक लावलेला असतो. बोंडल्याविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. धातु कोणताही असो, त्याच्या अरुंद चोंचींत दुधाचा थर बसतो व तो निघत नाहीं. रबरी बोंडाच्या दूधबाटलीचा दोष तर याहूनही मोठा आहे. आपल्या सरकारनें इ. स. १९९२ मध्यें कायदा करून दूधबाटल्यांची व मुलांच्या डबाबंद दुधाची जाहिरात करण्यास मनाई केली आहे. बाटलीऐवजीं वाटी-चमचा हाच मार्ग निर्धास्त आहे, आणि सहा महिन्यांचें मूल तो लवकर शिकतें.

ॲल्युमिनियमचें भांडें आंबट पदार्थानें झिजतें. त्यांतही भंगार वितळवून ओतलेलीं गांवठी भांडीं कटाक्षानें टाळावीं. भंगारांत काय काय होतें तें ओतणाऱ्यासही ठाऊक नसतें, आणि अशा भांड्यांतून शिसें उतरल्याचें अनेक देशांतील तपासण्यांत आढळलें आहे. लोखंडी कढईंतून अन्नांत थोडें लोह उतरतें व तें मुलास उपयोगीच पडतें. परंतु गंजलेली कढई नको, आणि दुधास ती नकोच. प्लॅस्टिकच्या वाटींत ऊन ऊन अन्न घालूं नये. ओरखडे पडलेली वाटी तर टाकूनच द्यावी, कारण त्या ओरखड्यांत जंतु राहतात. झिलईच्या बरण्यांत, विशेषतः रंगीत झिलईच्या, मुलाचें अन्न ठेवूं नये. त्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो.

दळण्यावाटण्याच्या साधनांकडे बहुधा कोणाचें लक्ष जात नाहीं. पुरणयंत्र पितळेचें असल्यास मुलाचें अन्न त्यांतून काढूं नये. पितळेच्या खलबत्त्यांत मुलाचें कांहीं कुटूं नये. पाट्यावरवंट्याच्या टांकीच्या खांचांत मिरची-लसणाबरोबरच कच्च्या मांसाच्या मसाल्याचा अंश राहतो. तेथें मुलाचें अन्न वाटूं नये. मिक्सर वापरल्यास पात्याखालची रबरी चकती दर वेळीं काढून धुवावी. सर्वांत सोपें म्हणजे स्टीलची बारीक चाळण व चमच्याची पाठ. मूल सातआठ महिन्यांचें झालें म्हणजे नुसतें कुस्करलेलें अन्नही त्यास चालतें.

अन्न किती लागतें हें ध्यानांत घेतलें तर भांडींही थोडींच लागतात. आरंभीं दोनतीन चमचे पुरतात. आठव्या महिन्यापर्यंत एका वेळीं २५० मिलिलिटरची अर्धी वाटी. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी. तेव्हां एक लिटरचें झांकणाचें पातेलें १, त्या मापाच्या वाट्या २, गोल कांठाचे लहान चमचे २, बारीक चाळण १, कोरड्या पिठाचा घट्ट झांकणाचा डबा १, भांडीं उकळण्याचें मोठें पातेलें १, आणि तीं पालथीं घालण्याची जाळीची टोपली १, एवढी यादी पुरे. हीं भांडीं निराळ्या फळीवर ठेवावीं, आणि दुसऱ्या कोणत्याही कामास घेऊं नयेत.

धुण्याची रीति

डेअरीस दूध घालणारा शेतकरी कॅन कसा धुवावा हें उत्तम जाणतो. झांकणाच्या खांचेंत कालचें दूध राहिलें तर आजचें सगळें दूध नासतें, आणि संकलन केंद्रावरून परत येतें, हें त्यास अनुभवानें कळलेलें असतें. हीच सावधगिरी मुलाच्या वाटीसाठीं घ्यावयाची आहे. कॅन बिघडल्याची खबर केंद्रावरचा मापाडी लगेच देतो. वाटी बिघडल्याची खबर मुलाच्या हगवणीवांचून मिळत नाहीं, एवढाच फरक.

पहिलें काम, अन्न संपतांच भांडें गार पाण्यानें खळबळून घ्यावें. दुधाचें भांडें एकदम कढत पाण्यानें धुतलें तर दुधांतील सत्त्व शिजून भांड्यास चिकटतें. दुसरें, कोमट पाणी व साबण यांनीं आंतून, बाहेरून व कांठाखालून घांसावें. स्वच्छ लांकडाची चाळलेली राख चालेल, कारण तींतील खारानें तूप सुटतें. परंतु ज्या चुलींत कचरा किंवा प्लॅस्टिक जाळलें, तिची राख नको. अंगणांतली माती मुळींच नको; गुरांच्या वावराच्या मातींत जंतांचीं अंडीं व नाना जंतु असतात. काथ्याचा चोथा चार महिने तोच वापरण्याची संवय घातक आहे. मुलाच्या भांड्यांस निराळी घासणी ठेवावी, रोज उन्हांत वाळवावी, व ती वरचेवर बदलावी. तिसरें, वाहत्या स्वच्छ पाण्यानें साबण पुरता काढावा. चौथें, मूल वर्षाचें होईपर्यंत वाटी, चमचा व चाळण दिवसांतून एकदां मोठ्या पातेल्यांत पूर्ण बुडवून, पाण्यास खळखळून उकळी फुटल्यापासून दहा मिनिटें उकळावीं. पांचवें, भांडीं फडक्यानें पुसूं नयेत. धुतलेल्या भांड्यावर घरांतला सर्वांत मळका पदार्थ फिरवावयाचा असेल, तरच पुसण्याचें फडकें घ्यावें ! जाळीवर पालथीं घालून, माशी न बसेल अशा झांकणाखालीं, तीं आपोआप कोरडीं होऊं द्यावीं. ओल राहिली कीं जंतु वाढले, हें धान्याच्या कोठाराप्रमाणें येथेंही खरें आहे.

भांडें कितीही शुद्ध असलें तरी हात मळके असल्यास सर्व श्रम व्यर्थ होत. स्वयंपाकापूर्वीं, भरविण्यापूर्वीं व मुलाची शी काढल्यावर साबणानें हात धुवावे. शेणगोठ्याचें काम करून आलेल्या हातांस हा नियम दुप्पट लागू आहे.

शिजलेलें अन्न दोन तासांहून अधिक वेळ तसेंच ठेवूं नये. सकाळचें खिमट दुपारीं पुन्हां उकळलें कीं झालें, असें मानणें चुकीचें आहे. उकळण्यानें जंतु मरतात. परंतु कांहीं जंतु मरण्यापूर्वीं जें विष सोडतात तें उकळूनही जात नाहीं, आणि भाताच्या पदार्थांत असे जंतु विशेष वाढतात. त्यापेक्षां भाजलेलें कोरडें पीठ डब्यांत भरून ठेवावें व लागेल तेवढेंच दर वेळीं ताजें शिजवावें. मुलाच्या उष्ट्या वाटींतलें उरलेलें अन्न पुन्हां देऊं नये.

शेतकरी घराचा विशेष धोका

शेवटीं एक गोष्ट अशी, जी शहरी घरांपेक्षां आपल्याच घरांस अधिक लागू आहे. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा मजबूत असतो, त्याचें झांकण घट्ट बसतें, म्हणून तो धुवून तेल, रॉकेल किंवा धान्य भरण्यास ठेवण्याची वहिवाट अनेक घरांत आहे. औषध मोजण्याचें झांकण किंवा चमचा चुकून स्वयंपाकघरांत येतो. दिनांक १६ जुलै २०१३ रोजीं बिहारच्या सारण जिल्ह्यांतील एका खेड्यांत शाळेचें दुपारचें जेवण जेवून २३ मुलें मरण पावलीं. त्या जेवणाच्या तेलांत मोनोक्रोटोफॉस हें कीटकनाशक निघालें; तें तेल औषधाच्या डब्यांत ठेवलेलें होतें. तीं मुलें शाळेंत जाण्याएवढीं मोठीं होतीं. तान्ह्या मुलास किती थोडें विष पुरेल, याचा विचार वाचकांनींच करावा.

औषधाचा डबा धुतल्यानें निर्विष होत नाहीं. औषध प्लॅस्टिकमध्यें मुरतें. म्हणून रिकामा झालेला डबा तीन वेळां खळबळून तें पाणी फवारणीच्या टाकींतच ओतावें, डब्यास भोंकें पाडावीं, आणि तो घरांत आणूंच नये. औषधें, मापें व फवारणीचे कपडे राहत्या घराबाहेर कुलुपांत ठेवावे. फवारणीहून आलेल्या माणसानें स्नान करून कपडे बदलल्याशिवाय मुलास किंवा त्याच्या भांड्यांस हात लावूं नये.

या लेखांत सांगितलेलें कोणतेंही काम खर्चाचें नाहीं. सात प्रकारचीं साधीं भांडीं किंवा साधनें, थोडें सरपण, साबणाची एक वडी आणि औषधाच्या खोलीस एक कुलूप, एवढाच व्याप आहे. कठीण आहे तें जुन्या भांड्यावरची माया सोडणें. पितळेचीं भांडीं मोडींत घालावीं असें आम्ही म्हणत नाहीं. तीं देवघरांत असोत, समारंभांत असोत, पाहुण्यांच्या पंक्तींत असोत. परंतु पुण्याच्या ज्या डॉक्टरांनीं मुलांच्या आजाराचा माग काढीत स्वयंपाकघरांतल्या पातेल्यापर्यंत शोध नेला, त्यांनीं दाखविलेली वाट आतां चाळीस वर्षांची जुनी झाली आहे. पितळ्यांची हौस पुन्हां बाजारांत वाढत असतांना ती वाट विसरली जाऊं नये. ज्या घरीं यंदा उष्टावण आहे, तेथील कर्त्यानें मुहूर्त पाहण्यापूर्वीं एकदां फळीवरचीं भांडीं खालीं काढून पाहावीं, आणि मुलाचीं भांडीं आपल्या हातानें निराळीं काढून ठेवावीं, एवढीच आमची विनंती आहे.